नश्मियाने दोनदा मांडलेला शोक

नश्मिया आली की घरात खरोखर माणूस गेलाय, हे घरच्यांना पटायचं. तोवर बायका नुसत्याच घुटमळत असायच्या. कुणी पाणी तापवतंय, कुणी दाराची चौकट धरून उभं. नश्मिया उंबरा ओलांडायची, अंगभर पांघरलेली काळी अबाया सावरून चौकाच्या मधोमध बसायची आणि गेलेल्याचं नाव घेऊन पहिला सूर लावायची. त्या सुराबरोबर घराचा बांध फुटायचा. ज्या सुनेनं सासूला आयुष्यभर उलट उत्तरं दिली, तीसुद्धा ऊर बडवून घ्यायची.

अशा बाईला बगदादमध्ये मुल्लाया म्हणतात. पुढची ओळ ती म्हणते, मागची बाकीच्या बायका. इतर मुल्लाया ठरलेल्या ओळी म्हणायच्या. मेलेला न्हावी असो की नवाब, ओळी त्याच. नश्मिया मात्र घरात शिरता शिरता दोन प्रश्न विचारायची, "खायला काय आवडायचं? चिडला की काय म्हणायचा?" आणि त्यातून जागच्या जागी रचायची. म्हणून नदीच्या दोन्ही काठांवरून तिला बोलावणं यायचं.

ती मूळची हिल्ला गावची. खुदैर नावाच्या पखालवाल्याशी लग्न करून बगदादला आली. खुदैर नदीचं पाणी घरोघरी भरायचा. संसार जेमतेम रांगेला लागतोय तोच तुर्की सरकारनं गल्लीगल्लीतून माणसं उचलली आणि मागच्या मोठ्या लढाईवर धाडली. त्यात खुदैर गेला. तो मेला असं कुणी सांगायला आलं नाही, प्रेत आलं नाही, निरोप आला नाही. मूलबाळ नव्हतं. आमच्याकडे मूल नसलेल्या बाईला उम्म गायब म्हणतात, म्हणजे अजून न आलेल्या लेकराची आई. नश्मियाला तेच नाव पडलं. साऱ्या शहराच्या मढ्यांवर रडली ती बाई, पण स्वतःच्या नवऱ्यासाठी तिनं कधी सूर लावला नाही. मेला असं सांगितलंच नाही कुणी, तर रडायचं कसं?

तिची गल्ली पुढं भिंतीला अडून संपणारी, आणि अरुंद इतकी, की समोरासमोरून दोन बायका आल्या तर एकीला अंग चोरावं लागे. अर्धी घरं मुसलमानांची, अर्धी यहुद्यांची. नश्मियाच्या भिंतीला भिंत लावून हिस्केलचं घर होतं. हिस्केल दिव्यांच्या काचा विकायचा. माणूस गोल, गोरा, भित्रा आणि प्रेमळ. त्याची बायको तुफ्फाहा त्याच्या नेमकी उलट. तिच्या तोंडाचा पट्टा पहाटे सुरू व्हायचा तो झोपेतही थांबत नसावा. त्यांची मुलगी रेजिना नश्मियाच्या मांडीवरच वाढली होती. आता तिचं लग्न ठरलं होतं.

दोन्ही गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा होता, त्यावर दोघींचा दरबार भरायचा.

"काय गं, आज कुणाला पोचवून आलीस?" तुफ्फाहा विचारायची.

"एका कंजूष म्हाताऱ्याला. एवढं रडवलं सगळ्यांना, आणि पुढ्यात काय ठेवलं? चार खजूर. तेही सुकलेले."

"मी मेले की माझ्यासाठी रडशील?"

"तुझ्यासाठी? तुझ्या हिस्केलला सुटल्याबद्दल मुबारक द्यायला येईन."

"मेली! तोंड बघ!" असं म्हणून तुफ्फाहा हातातली भोपळ्याची साल तिच्या अंगावर फेकायची.

त्याच वर्षी, एकेचाळीस साली, वसंतात इराकच्या सरकारची इंग्रजांशी लढाई जुंपली. महिनाभर विमानं घोंघावली. बाजाराच्या तोंडाशी नश्मियाच्या दिराचा, अब्बूदचा, चहाखाना होता. खुदैरचा हा धाकटा भाऊ. त्याच्या चहाखान्यात नवा रेडिओ आला होता आणि त्यावर बर्लिनहून अरबीत भाषणं लागायची. देशात जे जे वाईट होतं ते यहुद्यांमुळे, असं तो रेडिओ दिवसभर सांगायचा. गिऱ्हाईकं चहाचे पेले हातात धरून ऐकायची. आधी ऐकून हसायची, मग हसेनाशी झाली, मग माना डोलवू लागली.

नश्मिया एकदा तिथून जाताना थांबली. "अब्बूद, तुझ्या त्या खोक्याला हिस्केल माहीत आहे का रे?"

"कोण हिस्केल, वहिनी?"

"आमचा. काचावाला. मांजर आडवं गेलं तरी घाम फुटतो त्याला. हा म्हणे इंग्रजांच्या विमानांना खुणा करतो! जरा विचार त्या खोक्याला."

गिऱ्हाईकं हसली. अब्बूदही हसला, पण त्यानं आवाज काही कमी केला नाही.

मग लढाई हरली. सरकारातले मोठे लोक रातोरात सीमेपलीकडे पळाले. बालराजाच्या वतीनं राज्य चालवणारा जुना कारभारी परत येणार म्हणून शहरात दवंडी पिटली, आणि जाणारे गेलेले, येणारे अजून बसलेले नाहीत, अशा मधल्याच वेळी यहुद्यांचा यात्रेचा सण आला. सकाळीच तुफ्फाहानं कठड्यावरून ताट सरकवलं. पापुद्र्यांच्या पोळ्या, वर साखर आणि म्हशीच्या दुधाची जाड साय. "खा, म्हणजे तुझ्या तोंडून जरा गोड निघेल," ती म्हणाली. हिस्केल नवा कोट घालून, कारभाऱ्याचं स्वागत बघायला म्हणून पुलाकडे निघाला.

दुपार कलली तेव्हा तो परत आला, पण तो कोट त्याच्या अंगावर नव्हता. कपाळ फुटलेलं, एका पायात बूट नाही. दारातच बसला आणि त्याची दातखीळ बसली. पाणी पाजल्यावर तुटकं तुटकं बोलला. पुलावर लोकांनी सणाचे कपडे बघून माणसं ओळखली. सुरे काढले. मोटारी थांबवून, आतल्यांना ओढून रस्त्यावर घेतलं. त्याच्या पुढं चालणारा माणूस पडला, आणि तो उठलाच नाही.

संध्याकाळपर्यंत बाजाराच्या बाजूनं धूर दिसू लागला. बंदुकांचे आवाज आले. सकाळी उजाडल्या उजाडल्या शेजारच्या मोहल्ल्यातून एकच कल्लोळ ऐकू आला. दारं फुटण्याचा, भांडी आपटण्याचा आणि मधूनमधून बायकांच्या किंकाळ्यांचा. गोंगाट गल्ली गल्ली पुढं सरकत होता.

नश्मिया गच्चीवर आली. पलीकडं तुफ्फाहा उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"उभी काय राहिलीस? उचल पोरीला आणि ये इकडे," नश्मिया म्हणाली. "गल्लीतल्या तुमच्या सगळ्यांना आण. गच्च्यांवरूनच या, खाली उतरू नका."

"अगं, पण तुझं दार म्हणजे काय, एक लाथ मारली की आत!"

"दाराचं मी बघते. तू ये."

कठड्यावरून माणसं येऊ लागली. म्हाताऱ्यांना झोळीसारखं चादरीतून उतरवावं लागलं. पुरुषांना नश्मियानं तळघरात घातलं. उन्हाळ्यात सगळेच दुपारी तिथं झोपायचे, त्यामुळे जागा होती. पण बायका आणि मुलं एवढी झाली, की तळघरात मुंगीही शिरेना. नश्मिया चौकात उभी राहून त्या घोळक्याकडं बघत राहिली. घाबरलेल्या, केस विस्कटलेल्या, डोळे रडून लाल झालेले. असा घोळका तिनं हजारदा पाहिला होता. फक्त मधे एक प्रेत असायचं.

तिनं पेटी उघडली. बायकांना वाटायला ठेवलेल्या काळ्या अबाया तिच्याकडे गठ्ठ्यानं होत्या. मुल्लायाच्या घरी तेवढ्याच गोष्टीची चैन. "घाला. डोक्यावरून ओढून घ्या. पोरांना पोटाशी घ्या, अबायाच्या आत. आणि ऐका," ती प्रत्येकीकडं बघत म्हणाली, "एकीनंही शब्द बोलायचा नाही. तुमचा 'र' घशातून येतो, एका शब्दात कळेल कोण आहात ते. नुसतं रडायचं. रडण्याला बोली नसते."

"मी तर..." तुफ्फाहानं सुरुवात केली.

"तू तर मुळीच नाही! तुला सांगतेय मी मुख्य. गप्प बसायचं. जमेल का गं तुला?"

"आणि मेलंय कोण?"

नश्मियानं तळघराच्या पायऱ्यांवरून खाली पाहिलं. "हिस्केल! वर ये जरा."

हिस्केल वर आला. फळी पाहिली, पांढरी चादर पाहिली, नश्मियाच्या हातातला कापूर पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "उम्म गायब, मी जिवंत आहे गं," तो म्हणाला.

"राहायचं असेल तर झोप."

त्याला फळीवर आडवा घालून तिनं नाकात कापूस घातला, डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढली, भोवती कापूर ठेवला आणि उशाशी बसली. गल्लीच्या तोंडाशी पावलं वाजली. पहिल्या दारावर घाव पडला. नश्मियानं आपलं दार आतून बंद केलं नाही. ते सताड उघडं टाकलं, जसं मयताच्या घराचं असतं, आणि सूर लावला.

दारात आले तेव्हा त्यांच्या हातात पहारी होत्या, सुरे होते, खांद्यावर दुसऱ्यांचे गालिचे होते. पुढं एक पिळदार मिशांचा, अंगात कुणाचा तरी अर्धा गणवेश चढवलेला माणूस. आतला आक्रोश ऐकून तो उंबऱ्यावरच थबकला. बायकांनी भरलेला चौक, मधे चादरीखालचं प्रेत. अशा घरात परक्या पुरुषानं शिरायचं नाही, हे त्याला आईनंच शिकवलेलं असणार. पण मागच्यांनी त्याला ढकललं.

"यहुदी इथं शिरलेत, गच्चीवरून आलेले पाहिलेत," मागून कुणी ओरडलं.

"कोण गेलंय?" मिशावाल्यानं विचारलं.

नश्मिया उत्तर द्यायला वळली, आणि मिशावाल्याच्या खांद्यावरून तिला अब्बूदचा चेहरा दिसला.

 अब्बूद हे घर आतून बाहेरून ओळखत होता. या घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं, मरायलाही कुणी नव्हतं, हे त्याला माहीत होतं. अबायाच्या फटीतून दिसणारे तुफ्फाहाचे घारे डोळेही त्यानं पाहिले असणार. त्याची नजर चौकभर फिरली आणि चादरीवर येऊन थांबली. चादरीखाली पोट जरा वरखाली होत होतं.

"कोण गेलंय, विचारतोय मी!" मिशावाला खेकसला.

"माझा नवरा," नश्मिया म्हणाली. "तुझा भाऊ गेला रे, अब्बूद. माझा खुदैर गेला."

मग तिनं अब्बूदवरची नजर न काढता गायला सुरुवात केली. ती ओळ तिनं कधी रचली नव्हती, ती आपली आपण आली.

"खुदैर, दाराला कडी नाही लावली रे,
येतो म्हणालास, भाकर झाकून ठेवली रे.
पूर आला तेव्हा भाऊ खांद्यावर घेतलास,
पाणी गळ्याशी आलं, त्याचा पाय नाही सोडलास.
कुणाच्या खांद्यावर गेलास रे तू,
कोणत्या वाळूत निजलास रे तू..."

बायकांनी ऊर बडवले. त्यांना काही नाटक करावं लागलं नाही. आदल्या दिवसापासून दाबून धरलेलं सगळं बाहेर पडलं. तुफ्फाहाला तर भानच राहिलं नाही. "खुदै..." असा तिनं हंबरडा फोडला मात्र, त्यातला शेवटचा 'र' घशातून निघायच्या आत नश्मियानं तिचं डोकं आपल्या छातीशी दाबलं आणि आवाज एवढा चढवला, की भिंतीवरची कबुतरं उडाली.

पुरात खांद्यावर घेतलेला तो भाऊ म्हणजे अब्बूद. तेव्हा तो एवढासा होता. त्याचा चेहरा मेणासारखा झाला.

मिशावाल्यानं एक पाऊल पुढं टाकलं आणि चादरीचं टोक धरलं. "तोंड बघतो. मग जातो."

"हात काढ!" अब्बूद ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "माझा भाऊ आहे तो. माझ्या भावाच्या कफनाला हात लावशील तर तुझा हात जागेवर ठेवणार नाही."

 मिशावाल्यानं टोक सोडलं, तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटली आणि मागं फिरला. अब्बूदनं नश्मियाकडं एकदाच पाहिलं, मग घाईघाईनं म्हणाला, "चला रे, इथं काय आहे! पलीकडचं घर रिकामं पडलंय, माल तिथं आहे!"

ते गेले. पलीकडच्या घरात मोडतोड सुरू झाली. ते घर तुफ्फाहाचं. चौकातल्या बायका ऐकत बसल्या. कपाट पडलं. काचा फुटल्या. कशाचं तरी ओझं फरफटत गेलं. तुफ्फाहा प्रत्येक आवाजाला नश्मियाचा हात करकचून दाबत होती, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. नश्मिया गातच राहिली, आवाज बसेपर्यंत. आता ती कुणाला फसवायला गात नव्हती. एवढी वर्षं राहून गेलेलं काम ती करत होती.

दुपारी दंगा मोडायला शहरात फौज शिरली. गोळ्या झाडल्याचा आवाज आला, मग कर्फ्यू पुकारला, मग सगळीकडं शुकशुकाट झाला. आणि त्या शांततेत चादरीखालून एक प्रचंड शिंक आली.

बायका किंचाळून उठल्या. हिस्केल चादर फेकून बसला होता, नाकातला कापूस एका कानाशी लोंबत होता. "मेल्यावर कापूर नका लावू मला," तो म्हणाला. "सोसत नाही."

आधी रेजिना हसली, मग सगळ्याच हसत सुटल्या. कुणी हसता हसता पुन्हा रडल्या, तळघरातून पुरुष वर आले आणि हे काय चाललंय म्हणून बघत राहिले. गल्लीतलं एकही माणूस गेलं नव्हतं. शहरात मात्र कितीतरी घरांत खरंच मयतं होती. पुढचे कित्येक दिवस नश्मिया न बोलावताही त्या घरांत जात राहिली.

तुफ्फाहा आपल्या घरी परतली तेव्हा भिंतींशिवाय काही उरलं नव्हतं. दारांच्या बिजागऱ्याही काढून नेल्या होत्या. रेजिनाच्या लग्नासाठी जमवलेल्या गाद्या, तांब्याचे टोप, आणि ते शिवणयंत्र, ज्यावर ती सासरी गेल्यावर शिवणार होती, सगळं गेलं होतं. तुफ्फाहा उघड्या फरशीवर बसली.

"जीव वाचला, हेच खूप आहे," हिस्केल म्हणाला.

"तू गप्प बस, तू मेलायस," तुफ्फाहा म्हणाली, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

कोणी काय नेलं हे समोरच्या म्हातारीनं जाळीतून पाहिलं होतं. शिवणयंत्र, टोप आणि गाद्या अब्बूदच्या हातगाडीवर गेल्या, असं तिनं सांगितलं.  नश्मियानं शुक्रवार येऊ दिला. शुक्रवारी नमाजानंतर चहाखाना ओसंडून वाहायचा. तेव्हा तिनं गल्लीतल्या मुसलमान बायकांना हाक मारली, सगळ्यांना काळ्या अबाया घालायला लावल्या. तुफ्फाहानं मधे उडी घेतली.

"मीही येणार."

"तुला गप्प बसता येत नाही."

"आता कशाला गप्प बसू? आता रडायचं थोडंच आहे, भांडायचंय."

"रडायचंच आहे," नश्मिया म्हणाली. "चल."

चहाखान्यासमोर, भर रस्त्यात, भर दुपारी, बायका रिंगण करून बसल्या. बाकड्यांवरची माणसं माना वळवून बघू लागली. नश्मियानं छातीवर हात मारला.

"अब्बूद गेला, बायांनो, भरल्या बाजारी गेला,
नाही कुणी मारला, आपल्याच हातानं मेला..."

अब्बूद चहाच्या समोवारामागून धावत आला. "वहिनी! काय चालवलंयस? मी हा काय, उभा आहे!"

"मेलेल्यानं बोलू नये," नश्मिया शांतपणे म्हणाली आणि पुढची ओळ घेतली.

"उशाला शिवणयंत्र, पायथ्याला तांब्याचे टोप,
कबर भरली सामानानं, याला ठेवायचं कुठं?"

मागून बायकांनी एका सुरात विचारलं, "ठेवायचं कुठं? ठेवायचं कुठं?" त्यांत सगळ्यांत मोठा आवाज तुफ्फाहाचा होता, आणि तिचा 'र' आज कसा येतोय याची तिला फिकीर नव्हती.

चहाखान्यात आधी हशा पिकला. एकानं अब्बूदला विचारलं, "काय रे, गेलास कधी? आत्ताच तर चहा दिलास!" पण नश्मिया थांबली नाही. खुदैरनं पुरातून वाहून आणलेलं ते पोर, त्याला तिनं भरवलेले घास, त्याच्या लग्नात तिनं रांधलेला भात, एकेक सगळं ती गात गेली, जसं खऱ्या मयतात गातात. हसणारे गप्प होत गेले. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं पेला खाली ठेवला, उठून उभा राहिला, हात पसरून अब्बूदच्या नावानं, मेलेल्यासाठी म्हणतात तशी, फातिहा म्हटली आणि त्याच्याकडं न बघता बाहेर पडला. त्याच्यामागून दुसरा उठला. "अल्लाह माफ करो त्याला, चहा बरा करायचा," असं म्हणून तोही गेला. बाकडी रिकामी होऊ लागली.

"मी तुमचे सगळ्यांचे जीव वाचवले!" अब्बूद ओरडला. त्याचं रडू कोसळायच्या बेतात होतं. "त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर?"

नश्मियानं हात वर करून बायकांना थांबवलं. "वाचवलेस," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही, आणि अल्लाहही विसरणार नाही. मग त्याच हातांनी या पोरीचं लग्न का उचलून नेलंस?"

  अब्बूद मान खाली घालून म्हणाला, "सगळेच नेत होते, वहिनी. मला वाटलं, मी नाही नेलं तर दुसरा कुणी नेईल. मागच्या खोलीत आहे सगळं. एक वाटीही मोडली नाही मी. पोचवतो. पण हे थांबव. मला जिवंत कर."

"हातगाडीवर नाही. डोक्यावरून न्यायचं."

"भर बाजारातून?"

"नेताना बाजार रिकामा होता वाटतं?"

अब्बूदनं शिवणयंत्र डोक्यावर घेतलं. मागून त्याच्या नोकरांनी टोप आणि गाद्या उचलल्या. आणि ती वरात निघाली. पुढं घामाघूम झालेला अब्बूद, मागं काळ्या अबायांतल्या बायका. बाजारातल्या लोकांनी दुकानांच्या फळ्यांवर उभं राहून ती पाहिली. गल्लीच्या तोंडाशी तुफ्फाहाला राहवलं नाही. तिनं जीभ हलवून आनंदाची किलकारी दिली, ती लग्नात देतात तशी. मग सगळ्यांनीच दिल्या. गच्च्यांवरून, जाळ्यांमागून, दोन्हीकडच्या घरांतून किलकाऱ्यांचा असा पाऊस पडला, की अब्बूद यंत्र सांभाळत मधेच थांबला आणि कसनुसं हसला.

त्या शुक्रवारची गोष्ट संध्याकाळपर्यंत नदीपलीकडं पोचली. उम्म गायब आता कुणाकुणाच्या दाराशी रडायला बसणार आहे, अशी बातमी तिला न विचारताच फिरू लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे गल्लीच्या तोंडाशी कुणी तरी पितळी दिवा ठेवून गेलं होतं. त्यानंतर रोज काही ना काही सापडू लागलं. कधी गुंडाळलेला गालिचा, कधी परात, एकदा तर बिजागऱ्यांची पुरचुंडी, वर माफीची खूण म्हणून खजुरांचा घोस. ठेवणारा कधी दिसायचा नाही. सगळं आलं नाही. हिस्केलच्या काचा तर कुठून येणार? पण घरात पुन्हा स्वयंपाक करता येईल एवढं आलं.

रेजिनाचं लग्न ठरल्यापेक्षा थोडं उशिरा, नश्मियाच्या त्याच चौकात झालं. नवरदेवाकडच्यांनी गाणारा आणला नव्हता. शहरात गाण्याबजावण्याची हिंमत अजून कुणाला नव्हती. तुफ्फाहा नश्मियाच्या मागं लागली. "तू म्हण."

"मला फक्त मेलेल्यांची येतात गं!"

"मग नवऱ्या मुलाची म्हण. आता तो गेलाच की कामातून."

बायका खिदळल्या. नश्मिया उठली. थोडा वेळ डोळे मिटून उभी राहिली. रेजिनाला काय आवडतं, चिडली की काय म्हणते, हे तिला कुणाला विचारावं लागणार नव्हतं. तिनं सूर लावला तो सवयीनं मयताचाच लागला. पाहुणे दचकले. पण शब्द कानी पडू लागले तसे चेहरे उजळत गेले. लहानपणी साय चोरून मिशा पांढऱ्या करून घेणारी रेजिना, शिवताना बोटाला सुई टोचली की आपल्या बापाला दोष देणारी रेजिना. ऐकून हिस्केल हसतही होता आणि डोळेही पुसत होता. मागची ओळ सगळ्या चौकानं उचलली, यहुद्यांनी आपल्या बोलीत, मुसलमानांनी आपल्या. दारात अब्बूद चहाच्या पेल्यांचं ताट घेऊन उभा होता. आत यावं की नाही हे त्याला कळेना. हिस्केलनंच त्याला हात धरून आत ओढलं.

त्या संध्याकाळी नश्मिया चौकातून गच्चीवर चढली आणि साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशी अंधार पडेपर्यंत लग्नाचीच गात होती. तिला थांबवायला कुणी गेलं नाही. कुणाची छातीही झाली नसती.